लादलेला कालप्रवास : गंगाधरपंत आणि डेना

विज्ञानकथेविषयीची आपली समीक्षा बहुधा ‘विज्ञान किती आणि कथा किती’ या प्रमाणाच्या प्रश्नापाशीच थांबते. जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचेही तेच झाले. १७६१ मध्ये मराठे जिंकले असते तर, या कुतूहलाने ती वाचली जाते आणि अखेरचे पुंजवादी स्पष्टीकरण पटते की नाही, एवढीच चर्चा होते. गंगाधरपंत त्या दुसऱ्या जगात स्वेच्छेने जात नाहीत, ट्रकच्या धडकेने फेकले जातात, याकडे मात्र दुर्लक्ष होते.

यंत्रात बसून भूतकाळात जाणारा प्रवासी हा पाहुणा असतो. फेकला गेलेला मनुष्य त्या काळाच्या स्वाधीन असतो. ही कल्पना आपल्या परंपरेस अपरिचित नाही. भागवतातील ककुद्मी राजा रेवतीसाठी वर विचारावयास ब्रह्मलोकी जातो आणि तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे उलटतात. मनात योजिलेला एकही वर उरलेला नसतो.

नारळीकरांच्या कथेतील सर्वांत सकस प्रसंग आझाद मैदानावरील सभेचा आहे. ९९९ सभांचे अध्यक्षपद भूषविलेले पंत तेथील रिकाम्या खुर्चीत जाऊन बसतात. अध्यक्षीय भाषणांना विटलेले श्रोते त्यांच्यावर टोमॅटो फेकतात. ज्या विजयाची इतिहासकाराने आयुष्यभर हळहळ वाहिली, तो विजय मिळालेल्या जगात त्यालाच जागा नाही! ही विडंबना समर्थ आहे. त्यापुढचे शास्त्रीय विवेचन मला तरी तिची धार बोथट करणारे वाटते.

तरीही पंतांची हानी ती किती? ते ग्रंथालयात सहज प्रवेश करतात, व्यासपीठावर चढतात. त्यांना कोणी जात विचारीत नाही. ऑक्टेविया बटलर यांची ‘किंड्रेड’ (१९७९) ही कादंबरी शेजारी ठेवली की हा फरक जाणवतो. १९७६ च्या कॅलिफोर्नियातील कृष्णवर्णीय लेखिका डेना पुनःपुन्हा एकोणिसाव्या शतकातील मेरिलँडमध्ये ओढली जाते. तेथे ती गुलाम ठरते आणि ज्या गोऱ्या मालकपुत्राचे प्राण तिला वाचवावे लागतात, तो तिचाच पूर्वज असतो. अखेरच्या परतीत तिचा डावा हात भिंतीत अडकून तुटतो. बटलर या प्रवासाचे शास्त्रीय कारण देत नाहीत आणि वाचकालाही ते मागावेसे वाटत नाही.

पेशवाई टिकलेल्या जगात गावकुसाबाहेरच्यांचे काय झाले, हा प्रश्न नारळीकरांच्या कथेत येत नाही. तो दोष एकट्या लेखकाचा नव्हे. मराठी ऐतिहासिक कल्पकतेलाच पानिपताचा आणि पुण्याचा ध्यास आहे. वऱ्हाडच्या वाचकास तरी हा केंद्रबिंदू का मान्य असावा? आमचा इतिहास वळला तो १८०३ मध्ये. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडील अडगावची लढाई झाली, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांत देवगावच्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाड गेला. राजापेठेतून चिखलदऱ्यास निघालेला एखादा तरुण प्राध्यापक त्या १५ डिसेंबरच्या सकाळी गडावर जाऊन पडला, तर तो तेथे कोण असेल? किल्लेदाराचा कारकून, पाणक्या, की तटाखाली गवत कापणारा महार? कादंबरीकाराला हे पहिल्याच पानावर ठरवावे लागेल.