आधी उजेड, मग कॅमेरा
सरकत्या पट्ट्यावरचा नट कॅमेऱ्याने चटकन ओळखायचा, तर पहिलं काम उजेडाचं. महागडा कॅमेरा घेऊन दिवा मात्र छताचाच ठेवणं ही शुद्ध चूक आहे. पट्टा अर्धपारदर्शक घेऊन खालून प्रकाश सोडला की तेलाची चकाकी, गंजाचे डाग चित्रातून जातात. उरते काळी षटकोनी सावली आणि मधलं भोक. मग रंग लागतच नाहीत. करड्या चित्रात माहिती एक तृतीयांश उरते, चित्राची लांबी-रुंदी निम्मी केली की त्यातले ठिपके (पिक्सेल) चौथाई होतात, आणि नट जातो तेवढीच चौकट तपासली की संगणकाचं बरंच काम वाचतं. काळ्या ठिपक्यांचं क्षेत्रफळ आणि कडा मोजल्या की नट आणि गोल वॉशर लगेच वेगळे पडतात. वरच्या बाजूचा ओरखडा मात्र सावलीत दिसत नाही. त्यासाठी तिरपा प्रकाश टाकून दुसरं चित्र घ्यावं लागतं.