घराण्याच्या वहीची दुसरी बाजू

कुणी आपल्या घराण्याचा इतिहास लिहायला घेतला की मला आनंदच होतो. पण मी पडले कॉमर्सची. जे घरात आलं ते कुठून तरी आलं आणि त्याची नोंद दोन्ही बाजूंना हवी, हा नियम डोक्यात पक्का बसलेला. अमेरिकेत डोंगरापलीकडच्या रानात पहिल्यांदा वस्ती करायला गेलेल्या कुटुंबांचे इतिहास वाचताना मला हाच नियम सारखा आठवतो. जमेची बाजू भरगच्च, नावे बाजू जवळजवळ कोरी!

सगळ्यांत गाजलेलं बून घराणंच घ्या. डॅनियल बूनचे वडील १७१३ मध्ये इंग्लंडहून पेनसिल्व्हेनियात आले. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे युद्धाला नकार देणारे. पुढे मुलाने पंथाबाहेर लग्न केलं, वडिलांनी त्याची बाजू सोडली नाही, तेव्हा पंथाने त्यांना वगळलं. १७५० च्या सुमारास हे कुटुंब उत्तर कॅरोलिनाकडे निघालं. डॅनियल शिकारी झाला. १७७५ मध्ये माणसं घेऊन त्याने अ‍ॅपलाचियन डोंगरांतून केंटकीची वाट काढली आणि बूनसबरो वसवलं. हे सगळं जमेत मांडलेलं सापडतं.

आता दुसरी बाजू. केंटकी ही शॉनी लोकांची शिकारीची भूमी. १७६८ च्या तहात ती इंग्रजांना देऊन टाकली इरोक्वॉय लोकांनी. शॉनींची संमती नव्हतीच. १७७५ मध्ये रिचर्ड हेंडरसनने ती चेरोकी पुढाऱ्यांकडून विकत घेतली, तेव्हा त्यांच्यातल्याच ड्रॅगिंग कनूने कडाडून विरोध केला. राहतं घर शेजाऱ्याने परस्पर विकावं, तसला हा व्यवहार. मग रक्त सांडणारच. १७७३ मधल्या पहिल्याच प्रयत्नात बूनचा थोरला मुलगा जेम्स मारला गेला. सोळा वर्षांचा पोर. त्या रात्री काय घडलं हे कळलं, कारण बरोबरचा ॲडम नावाचा एक गुलाम लपून वाचला. खुद्द बूनच्या मालकीचेही गुलाम होते. रान तोडणाऱ्या हातांत तेही हात होते. पण अशा माणसांची नोंद वंशावळीत नव्हे, मालमत्तेच्या यादीत व्हायची, घोड्या-गुरांच्या शेजारी.

आणखी एक गंमत पाहा. १७७८ मध्ये शॉनींनी बूनला पकडलं, तेव्हा त्यांचा नायक ब्लॅकफिश याने त्याला मुलगा मानून घरात घेतलं. काही महिन्यांनी बून पळून आला. पण या मानलेल्या बापाला वंशावळीत कुठल्या फांदीवर बसवायचं?

आणि रेबेका! १७५६ मध्ये लग्न झालं, दहा मुलं झाली, शिवाय नात्यातली पोरकी मुलंही तिनेच वाढवली. नवरा एकदा शिकारीला गेला तो दोन वर्षांनी परतला. तो पकडला गेला तेव्हा तो मेलाच असं समजून ती मुलांना घेऊन पुन्हा डोंगर ओलांडून कॅरोलिनात माहेरच्या माणसांकडे आली. १७८२ च्या लढाईत दुसरा मुलगा इस्राएल गेला. इतकं सोसून इतिहासात ती उरते ती 'बूनची पत्नी' म्हणून.

ज्या जमिनीसाठी हे सगळं केलं, ती तरी टिकली का? केंटकीत एकाच तुकड्यावर अनेकांचे दावे होते. मोजणी आणि कागद कच्चे असल्याने बूनची तिथली जवळजवळ सगळी जमीन गेली. १७९९ मध्ये तो मिसूरीला गेला. तिथे १८१४ मध्ये काँग्रेसने सुमारे ८५० एकर मान्य केले, तेही बहुतेक जुनी देणी फेडण्यात गेले. परिग्रहाचा हिशोब शेवटी असाच लागतो, असं मला वाटतं.

कुणी म्हणेल, ती गरीब, कष्टाळू माणसं होती, त्यांना आजच्या मापाने का मोजायचं? मोजू नका. त्यांची हिंमत आणि कष्ट जमेतच राहू द्यात. पण देण्याची बाजू लिहिली म्हणून कुणी चोर ठरत नाही. ती गाळली तर मात्र ताळेबंद खोटा ठरतो. आपले पूर्वज थोर ठरावेत यासाठी दुसऱ्याचे पूर्वज पुसायची गरज काय?

अमेरिकेत पुष्कळ घरांत बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायची पद्धत होती. त्या पानांवरून आज वंशावळ मांडणाऱ्यांनी आणखी एक पान जोडावं. आपल्या आधी त्या जमिनीवर कोण राहत होतं, घरात राबणारी, पण वहीत न आलेली माणसं कोण होती, आणि घरात आलेल्या प्रत्येक सुनेचं माहेरचं नाव काय, एवढं तरी त्यावर असावं. जेम्स बूनच्या मृत्यूची तारीख ज्या पानावर आहे, त्याच पानावर ॲडमचंही नाव मावेल.