वेंगुर्ल्यास जाऊन आल्यावर

आंबोली घाट उतरून बेळगावहून वेंगुर्ल्यास जाणे आता फारसे कठीण नाही. यंदा आम्ही काही शाळासोबती आपापल्या कुटुंबांसह गेलो. डचांच्या वखारीचे पडके अवशेष, बंदरावरचे दीपगृह, सागरेश्वराचा किनारा सारे मुलांना दाखविले. मुंबईची बोट खोल पाण्यात थांबे आणि उतारू पडावातून धक्क्यावर येत, हे त्यांना खरे वाटेना. त्यांना रेल्वे ठाऊक. पण १९९८ साली पूर्ण झालेला कोकण रेल्वेचा मार्गही या गावाला बाजूला ठेवूनच गेला!

जेवणानंतर नेहमीचा सूर निघाला, 'गाव पूर्वीचे राहिले नाही.' मला हा सूर मान्य नाही. कुलूपबंद घरे कोणाची? शिकून बाहेर पडलेल्या आमचीच ना! गावातच राहिलेल्या मित्राने तेथील फळ संशोधन केंद्राची 'वेंगुर्ला-४' व 'वेंगुर्ला-७' ही काजूची कलमे लावून बाग उभी केली आहे. त्याची तक्रार निराळी होती. मोठे दुखणे आले की पुष्कळांना आजही गोव्यात बांबोळीच गाठावी लागते.

आमच्यात तिघे डॉक्टर. दुपारभर त्याच्या पडवीत शेजाऱ्यापाजाऱ्यांचे रिपोर्ट वाचत बसलो. मुलांना समुद्राइतकीच ती पडवी आवडली, हे विशेष. आपल्यातील कोकणवासी सभासदांनी वर्षातून निदान एक रविवार असा आपापल्या गावी द्यावा, असे सुचवावेसे वाटते. मात्र तेथील डॉक्टरांना आधी कळवून, त्यांच्या संमतीनेच. मधुमेह, रक्तदाबाचे रुग्ण वर्षभर सांभाळणारे तेच आहेत.