पिकअपचा रिव्हर्स दिवा : हॉर्नवर विसंबू नका

मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत सुताच्या गोण्या आणि कापडाच्या गाठी वाहणाऱ्या जुन्या पिकअप गाड्या आम्ही रोज पाहतो. टायर नवे, ताडपत्री नवी, केबिनमध्ये झालर. रिव्हर्सचे दिवे मात्र दोनपैकी एक बंद आणि दुसरा मेणबत्तीसारखा. मालकाला विचारले तर उत्तर ठरलेले : "रिव्हर्स हॉर्न आहे ना!"

हे उत्तर आम्हाला मान्य नाही. दोन्ही बाजूंनी माग खडखडत असताना तो हॉर्न ऐकणार कोण? वर्षानुवर्षे त्या आवाजात काम केलेल्या आमच्या कारागिरांचे कान आधीच मंद झालेले असतात. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीच्या एका कारखान्यासमोर फजरच्या सुमारास खांद्यावर बीम घेतलेल्या मजुराला मागे येणारी गाडी कळलीच नाही. हॉर्न वाजत होता. पलीकडच्या हमालाने ओढले म्हणून पाय वाचला. गाठींच्या उंचीमुळे ड्रायव्हरला केबिनच्या काचेतून मागचे काहीच दिसत नव्हते. अशा गल्लीत दिवा हाच इशारा असतो.

आता बल्बाविषयी. 12 व्होल्टच्या जुन्या पिकअपमध्ये बहुधा 21 वॅटचा, पारदर्शक काचेचा, एका तारेचा बल्ब असतो. बुडाशी एकच टिकली आणि दोन पिना समोरासमोर, एकाच उंचीवर. ब्रेक व टेललाइटचा 21/5 वॅटचा बल्ब दिसायला सारखाच, पण त्याला टिकल्या दोन आणि पिना वर-खाली असतात. तो कानशीने पिना घासून बसवून देणारे महाभाग आहेत. त्यांच्याकडून गाडी परत घेऊ नये. 24 व्होल्टचा ट्रकचा बल्ब या गाडीत बसतो, पण मंद जळतो. दुकानात घाईने उचलताना बुडावरचा आकडा वाचावा. जुना बल्ब आतून काळवंडला असेल तर चालू असला तरी काढावा, आणि बदलताना दोन्ही बाजूंचे बदलावेत.

पण नवा बल्ब घालूनही उजेड पडत नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त ऐकू येते. त्यात दोष बहुतेक वेळा बल्बाचा नसतो, तर अर्थिंगचा आणि गंजलेल्या होल्डरचा असतो. इंजिन बंद ठेवून, चावी फिरवून रिव्हर्स गियर टाकावा आणि दिवा जळत असतानाच मीटर लावून पाहावा. बॅटरीवर साडेबारा व्होल्ट आणि होल्डरवर सव्वाअकरा दिसले, तर व्होल्टेज फक्त दहावा हिस्सा घटले असे वाटते. उजेड मात्र सुमारे 30 टक्के कमी होतो. तारेच्या दिव्याचा स्वभावच तसा आहे. होल्डर घासून, अर्थची तार चेसिसच्या स्वच्छ पत्र्यावर नीट आवळली की तोच बल्ब उजळतो. गाणी वाजवणारा हॉर्न याच तारेला पीळ देऊन जोडलेला असेल तर तो सांधा आधी पाहावा. काच आतून धुवावी. सुताचा भुसा आणि तेलकट धूळ तिथे किती साचते हे उघडल्याशिवाय कळत नाही. दोन्ही दिवे एकदम बंद असतील तर फ्यूज आणि गियरबॉक्सवरचा रिव्हर्स स्विच तपासावा.

तो स्विच बिघडला की डॅशबोर्डवर वेगळे बटण बसवून देण्याची चाल आहे. आमच्या मते ती वाईट. बटण चालू राहते आणि गाडी पुढे जाताना मागच्याला पांढरा झोत दाखवते. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 108 नुसार मागे लालखेरीज दिवा दाखवता येत नाही. पांढऱ्याची मुभा गाडी मागे घेण्यापुरती आहे.

काही मंडळी 50 वॅटचा हॅलोजन घालतात. 21 वॅटला पावणेदोन अँपिअर लागतात, याला चारहून अधिक. तार तापते, होल्डर सैल होतो आणि प्लॅस्टिकची काच वितळते. एलईडीला आमचा विरोध नाही. वीज कमी लागते, उष्णताही कमी. मात्र ज्याचे सगळे दाणे फक्त टोकाला आहेत असा स्वस्त एलईडी घेऊ नये. दिव्यामागची चकाकती वाटी चारही बाजूंनी उजेड घेण्यासाठी बनवलेली असते. टोकाच्या एलईडीने नुसता ठिपका दिसतो, जमीन दिसत नाही. बाजूंनीही दाणे असलेला, निळसर नव्हे तर पांढरा घ्यावा आणि अंधारात गाडीमागे दहा पावलांवर उभे राहून स्वतः पाहावे. ते पाहताना इंजिन बंद असावे आणि चाकामागे दगड असावा.