पाणी आणायचे, ते कशासाठी?

मांजरा धरण कोरडे पडल्याने एप्रिल 2016 मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या 10 वाघिणींतून 5 लाख लिटर पाणी आले. पुढे 50 वाघिणींची गाडी एका खेपेस 25 लाख लिटर आणू लागली. शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटच्या पठारावर वसलेल्या वाशी तालुक्यालाही टंचाईच्या वर्षी टँकरची वाट पाहावी लागते. कृष्णा खोऱ्यातून मराठवाड्यासाठी मंजूर झालेल्या 23.66 अब्ज घनफूट पाण्याकडे या भागाचे डोळे लागले आहेत, ते यामुळेच. पहिल्या टप्प्यात त्यांपैकी 7 अब्ज घनफूट पाणी उजनीतून उपसून आणावयाचे आहे.

ही मागणी न्याय्यच आहे. पण आणलेले पाणी खर्च कशावर होणार, या प्रश्नाचे उत्तर आधी द्यावयास हवे. उसाच्या लागवडीपासून हिशेब धरला, तर एक किलो साखरेमागे दोन हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. म्हणजे 50 वाघिणींची एक गाडी आणि साडेबारा क्विंटल साखर यांचे पाणी जवळजवळ सारखेच भरते. रेल्वेने आलेले पाणी पिण्यासाठी होते, हे खरे. परंतु ज्या खोऱ्यात ते आणावे लागले, त्याच खोऱ्यातून साखरेच्या पोत्यांवाटे किती पाणी बाहेर जाते, याची मोजदाद कोणी केली?

लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी पिकात सामावलेल्या या पाण्याला ‘आभासी पाणी’ म्हटले. 2008 साली त्यांना स्टॉकहोम जल पुरस्कार मिळाला. जॉर्डनसारखा कोरडा देश धान्य बाहेरून घेऊन आपले पाणी वाचवितो. मराठवाड्याचा व्यवहार नेमका उलटा आहे.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. उसाला कायद्याने ठरलेला दर आहे आणि कारखान्याच्या रूपाने गिऱ्हाईकही. तुरीला, उडदाला हमीभाव जाहीर होतो. पण त्या भावाने सारा माल घेतला जाईलच, याची शाश्वती नसते. म्हणून कृष्णेच्या पाण्याबरोबर तीन गोष्टी यावयास हव्यात: पिण्याच्या पाण्याला पहिला हक्क, शेतीला मोजून पाणी आणि कडधान्यांची खात्रीची खरेदी. त्या न आल्या, तर विजेवर पैसा ओतून चढविलेले पाणी उसाच्या फडात जिरेल आणि वाशीच्या गावांत टँकर तसेच फिरत राहतील.