लेंग्याचे चार आश्रम

आमच्या दादाने ३१ जानेवारी २०२० रोजी स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जो लेंगा चढवला तो, वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे, पुढे अडीच वर्षे उतरवलाच नाही. आंघोळीपुरता अपवाद धरायला हवा. पण वहिनी रागावली म्हणजे अपवाद धरीत नाही.

दादा साताऱ्याला आमच्या जुन्या घरी राहतो. मी कराडला कॉलेजात मराठी शिकवतो आणि सुट्टी मिळाली की एस. टी. पकडून त्याच्याकडे जातो. तो १९८८ साली टेलिफोन खात्यात लागला. २००० साली खात्याचे बी. एस. एन. एल. झाले, पण घरात आम्ही 'खाते'च म्हणत राहिलो. २०१९ च्या अखेरीस पन्नाशी गाठलेल्यांसाठी योजना आली. झालेल्या नोकरीच्या दर वर्षाला ३५ दिवसांचा पगार, उरलेल्या दर वर्षाला २५ दिवसांचा. देशभरातल्या ७८ हजारांहून अधिक लोकांनी एकाच दिवशी घरचा रस्ता धरला. त्यांत ५३ वर्षांचा दादा एक. मी त्याला विचारले, "यात स्वेच्छा किती?" तो म्हणाला, "तांब्याच्या तारांचे दिवस भरले रे. त्यांच्या पाठोपाठ आमचे." स्वेच्छा हा शब्द मी तेव्हापासून वर्गात जरा जपून शिकवतो.

दोनच महिन्यांत टाळेबंदी आली आणि अवघा देश लेंग्यात बसला. मीदेखील वर इस्त्रीचा शर्ट आणि खाली लेंगा अशा अर्धनारीनटेश्वरी थाटात कॅमेऱ्यासमोर संतकाव्य शिकवीत होतो. दादाला ते कळले तेव्हा फोनवर तो इतका हसला की शेजारी जागे झाले असतील.

लेंग्याविषयी दोन शब्द सांगायला हवेत. पायजमा हा शब्द मूळ फारसी, पाय आणि जामा. साहेबाने तो आपल्याकडून उचलला आणि विलायतेत नेऊन त्यात झोपू लागला. आपण मात्र त्यात झोपलो, उठलो, दळण आणले, वरातीलाही गेलो. दादाच्या घरी लेंग्याला चार आश्रम आहेत. नवा, खळीचा वास असलेला लेंगा फक्त बाहेर जाताना. हा ब्रह्मचर्याश्रम. दोन वर्षांनी तो घरात वावरू लागतो, हळदीचे नि चहाचे डाग अंगावर घेतो, तो गृहस्थाश्रम. गुडघ्याशी विरला म्हणजे खालचा भाग कापून त्याची अर्धी चड्डी होते. तो वानप्रस्थ. आणि शेवटी लादी पुसायचे फडके; ज्याला कशाचाच मोह उरलेला नाही. नाडी मात्र आत्म्यासारखी. ती जुना देह टाकते आणि नव्या लेंग्यात शिरते. दादाच्या एका नाडीने पाच लेंगे पाहिले आहेत.

इथपर्यंत सारे गमतीचे आहे, आणि मी या सदरात एकदा ही गंमत केलीही होती. अंक साताऱ्याला पोचला. दादा हसला. वहिनी हसली नाही. मला स्वयंपाकघरात बोलावून म्हणाली, "भावजी, काटकसर मलाही येते. पण ह्यांना दुसरं काही उरलंच नाही हो. सकाळी सहाला मीटरचा आकडा वहीत. सिलिंडर लागल्याची तारीख कॅलेंडरवर. टूथपेस्टची नळी कात्रीनं उभी चिरतात. मी शाळेतून दमून येते, तर हे दारात उभे, आज पाऊण युनिट जास्त पडलं म्हणून! मी काय चोर आहे का?" आणि वहिनीच्या डोळ्यांत पाणी आले. तीस वर्षे नगरपालिकेच्या शाळेत मुलांना रडताना पाहिलेली बाई ती. स्वतः सहसा रडत नाही.

तेव्हा माझ्या ध्यानात आले. पैशाची ओढ नव्हती. पेन्शन वेळेवर येत होती, वहिनीचा पगार चालू होता. दादाने काटकसरीचीच कचेरी काढली होती आणि घरातली माणसे तिची गिऱ्हाइके झाली होती. ज्या माणसाने ३१ वर्षे रोज नोंदवही भरली, त्याला नोंदायला काहीतरी हवे. बाकी काही नसेल तर पाऊण युनिट.

लघुनिबंध शिकवताना मी चार्ल्स लॅमचे नाव घेतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत ३३ वर्षे कारकुनी करून हा गृहस्थ १८२५ साली, पन्नाशीत निवृत्त झाला आणि त्यावर त्याने निबंध लिहिला. सुटकेचा आनंद त्यात आहेच, पण मोकळ्या वेळाने गांगरून जाणे आहे, आणि जुन्या कचेरीत उगाच एक फेरी मारणेही आहे. मी तो वर्गात वीस वेळा तरी सांगितला असेन. पहिले काही आठवडे दादाही सायकलवरून एक्स्चेंजच्या दारापर्यंत जाऊन परत येत असे, हे मला वहिनीकडून त्या दिवशी कळले. शिकवलेले आणि समजलेले यांत किती अंतर असते पाहा!

रात्री ओसरीवर दादा आपणहून बोलला. "अरे, फोन बंद पडला की गल्ली माझी वाट बघायची. मी खांबावर असेपर्यंत खाली कुणीतरी चहा घेऊन उभं असायचं. आता मीच मीटरची वाट बघतो." यावर मला काही बोलता आले नाही. मी विषय बदलला, पावसाचे काहीतरी काढले.

पुढे घडले त्यात माझा काही हात नाही. २०२२ चा ऑगस्ट. स्वातंत्र्याची पंचाहत्तर वर्षे, शाळेत मोठा समारंभ, आणि आदल्या दिवशी ध्वनिक्षेपक बंद. दुरुस्तीवाला 'उद्या बघू' म्हणाला. वहिनीने घरी फोन केला, "अहो, पेटी घेऊन या. आणि पँट घालून या!" दादाने कपाटातल्या चारही पँटी काढून पाहिल्या. एकीचेही बटण काजापर्यंत पोचेना. अडीच वर्षांत लेंग्याने त्याला न सांगता तीन इंच माया दिली होती. शेवटी ब्रह्मचर्याश्रमातला एक लेंगा, त्यावर शर्ट, खिशात टेस्टर, अशा वेशात स्वारी शाळेत हजर झाली.

उंदराने वायर कुरतडली होती. अर्ध्या तासाचे काम. पण भोवती पोरे जमली, आणि पेटीतला केबलचा जुना तुकडा पाहून एकाने विचारले, एवढे रंग कशाला? दादा तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला. (पँटीत त्याला ते जमले नसते.) पांढरा, लाल, काळा, पिवळा, जांभळा हे पाच रंग एका बाजूला, निळा, नारिंगी, हिरवा, तपकिरी, राखाडी हे पाच दुसऱ्या बाजूला. पहिल्यांतला एक आणि दुसऱ्यांतला एक अशी जोडी लावीत गेले म्हणजे दहाच रंगांत २५ जोड्या होतात, आणि एक जोडी म्हणजे एक टेलिफोन. अंधारात, खड्ड्यात, पावसात बॅटरी धरून हे रंग ओळखावे लागत. सातवीच्या पोरांनी घंटा होईपर्यंत जोड्या लावल्या. एका पोरीने पंचविसाच्या पंचवीस बिनचूक सांगितल्या तेव्हा दादाने तिला केबलचा तो तुकडाच देऊन टाकला. टूथपेस्टची नळी चिरणारा आमचा दादा!

तेव्हापासून शनिवारी सकाळच्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला दादा जातो. डाग देणे, फ्यूज बदलणे, घरची बंद पडलेली टॉर्च आणून उघडणे. मानधन नाही, शिशाची तार पदरची. मुले त्याला 'लेंगासर' म्हणतात. मुख्याध्यापकांनी दोनदा दटावले, पण नाव चिकटले. परवा गेलो तेव्हा दादा स्वतः लेंग्याला इस्त्री करीत होता. विजेची ती उधळपट्टी पाहून मी वही उघडली. मीटरचे आकडे अजून आहेत, पण शनिवारच्या रकान्यात कित्येक महिने काहीच नाही. वहिनीची आता नवी तक्रार आहे. गल्लीतले बंद मिक्सर घरात येऊन पडतात, आणि ती शाळेतून येते तेव्हा दार उघडायला कुणी उठत नाही.

गेल्या दिवाळीत पुतणीने बंगलोरहून बापासाठी एक 'लाउंजवेअर' पाठवले. राखी रंग, मऊसूत कापड, किंमत २,४०० रुपये. दादाने ते उलटसुलट पाहिले आणि म्हणाला, "यात नाडी नाही. इलॅस्टिक गेलं की सगळंच गेलं. तू घेऊन जा." मी आणले. फ्रान्सच्या दिदरोने, विश्वकोशवाल्या, अडीचशे वर्षांपूर्वी एका नव्या झग्यावर लिहून ठेवले आहे. झगा भारी आला, तेव्हा गवताने विणलेली जुनी खुर्ची त्याच्याशेजारी शोभेना, मग चामड्याची आली, मग टेबल बदलले, आणि बिचारा जुन्या झग्यासाठी हळहळत बसला. मला त्याची तेव्हा गंमत वाटली होती.

हा लेख मी त्या राखी कपड्यांत बसून लिहितो आहे. अंगाला फारच सुखाचे आहेत हो. फक्त टेबलावरचे मेणकापड आज सकाळपासून जरा कळकट दिसू लागले आहे, आणि खुर्चीचेही काहीतरी करायला हवे असे वाटते.