ओंडका नको, पट्टी विका

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून वाजतगाजत शोभायात्रा निघाली आणि अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी इथले सागवान रवाना झाले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या सागाचा तो मान होता आणि तो योग्यच होता. आलापल्लीच्या सागाला जोड नाही हे सांगायला कुणा तज्ज्ञाची गरज नाही. पण त्या सोहळ्यात एक गोष्ट झाकली गेली. दारे घडवण्याचे काम हैदराबादच्या एका लाकूड कंपनीकडे होते आणि त्यावरची नक्षी तिने आणलेल्या तमिळ कारागिरांनी कोरली. आपल्याकडून गेला तो ओंडका. लाकूड घनमीटरने मोजायचे, आगारात थप्पी लावायची, लिलाव पुकारायचा आणि ट्रक भरून द्यायचा, एवढाच या दोन जिल्ह्यांचा लाकडाशी असलेला व्यवहार गेली कित्येक दशके चालू आहे. यात बदल करायचा तर आगारातल्या उत्तम लाकडाचा एक लहानसा हिस्सा वाद्यांसाठी राखून ठेवावा, तो इथेच चिरावा, वाळवावा आणि घडवावा, असे माझे म्हणणे आहे. सुरुवात कुठून करावी असे कुणी विचारले तर उत्तर थोडे अनपेक्षित वाटेल: सेमी-हॉलो इलेक्ट्रिक गिटारपासून.

हे वाद्य निवडण्यामागे कारण आहे. पूर्ण पोकळ गिटार विजेवर जोरात वाजवली की स्पीकरचा आवाज तिच्या पोटात शिरतो आणि शिट्टीसारखी घूं-घूं सुरू होते. १९५८ साली गिब्सन कंपनीने ईएस-३३५ हे मॉडेल आणले आणि त्यावर तोड काढली. दोन्ही बाजू पोकळ ठेवायच्या, पण मधोमध मानेपासून शेपटापर्यंत लाकडाचा भरीव ठोकळा बसवायचा. त्यामुळे शिट्टी आटोक्यात आली आणि पोकळ वाद्याची ऊबही टिकली. या रचनेमुळे एकाच वाद्यात तीन-चार गुणांची लाकडे लागतात. मधला ठोकळा हलका हवा, नाहीतर वाद्य गळ्यात अडकवून तासभर उभे राहणे मुश्कील होते. मान अशी हवी की तारांच्या ताणाने आणि हवेतल्या ओलाव्याने ती वाकू नये. बोटे फिरतात ती पट्टी (फ्रेटबोर्ड) कठीण आणि घट्ट हवी, म्हणजे रोजच्या घासण्याने तिच्यात खळगे पडणार नाहीत. आता आपले जंगल पाहा. शिवण हलकी आहे, वाळल्यावर फारशी हलत नाही. सागाची ख्यातीच मुळी न वाकण्याची. आणि ज्याची पाने विडीला जातात तो तेंदू एबनीच्याच कुळातला. जुन्या झाडाचा काळा गाभा दगडासारखा कठीण असतो. एका वाद्याला लागणारी सगळी लाकडे एकाच वनविभागात मिळावीत असे जगात फार थोड्या ठिकाणी घडते.

मुद्दा पैशाचा आहे, म्हणून थोडे गणित करू. फ्रेटबोर्डच्या कच्च्या पट्टीचे माप साधारण ५६ सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि ९ मिलिमीटर जाड. म्हणजे एका घनमीटरात कागदोपत्री २,८०० पट्ट्या बसतात. करवतीचा भुसा, भेगा, गाठी, पांढरे लाकूड यांत तीन-चतुर्थांश गेले असे धरले तरी ७०० उरतात. घनमीटरने विकलेल्या लाकडाची किंमत त्याच्या आकारमानावर ठरते. पट्टीची किंमत तिच्या सरळ रेषांवर, नीट वाळण्यावर आणि सोबतच्या कागदावर ठरते. आकारमान वाढवायचे तर झाडे जास्त तोडावी लागतात. रेषा, वाळवण आणि कागद वाढवायचे तर फक्त माणसांचे कौशल्य वाढवावे लागते. ज्या गडचिरोली जिल्ह्यात दोन-तृतीयांशाहून अधिक भूभाग जंगलाचा आहे आणि ज्याच्या तरुणांना रोजगारासाठी तेलंगणाची वाट धरावी लागते, त्याने यातला कोणता रस्ता निवडावा हे वेगळे सांगायला नको.

हे दिवास्वप्न नाही, कारण भारतीय लाकडाने गिटारची बाजारपेठ एकदा जिंकलेली आहे. साठच्या दशकापर्यंत अमेरिकी गिटारांमध्ये ब्राझीलच्या रोझवुडचा दबदबा होता. ते मिळणे अवघड झाले तेव्हा १९६९च्या सुमारास मार्टिनसारख्या जुन्या कंपनीने भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. आरंभी पर्याय म्हणून आलेले हे लाकूड पुढे स्वतःच मापदंड झाले, आणि १९९२ मध्ये ब्राझीलच्या रोझवुडच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंदी आल्यावर तर त्याला मागे वळून पाहावे लागले नाही. पण या व्यापाराचा मोठा लाभ दक्षिणेतल्या राज्यांना झाला. आपण त्यात कुठेच नव्हतो.

त्याच व्यापारातला दुसरा धडा अधिक मोलाचा आहे. ऑगस्ट २०११ मध्ये अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. भारतातून आलेल्या शिसवी आणि एबनीच्या पट्ट्या जप्त झाल्या. आक्षेप असा होता की भारताचा कायदा नुसते चिरलेले लाकूड बाहेर पाठवू देत नाही, आणि या पट्ट्या ‘चिरलेले लाकूड’ ठरतात की ‘वाद्याचा घडवलेला भाग’, हे कागदावर नीट नव्हते. २०१२च्या समझोत्यात कंपनीने मादागास्करच्या एबनीच्या प्रकरणात ३ लाख डॉलर दंड भरला. भारतीय पट्ट्यांच्या वर्गीकरणात संदिग्धता आहे हे मात्र अमेरिकी सरकारनेच मान्य केले. यातून काय दिसते? आपल्या निर्यात धोरणाचा रोखच असा आहे की लाकूड जितके अधिक घडवले जाईल तितका त्याचा मार्ग मोकळा. जानेवारी २०१७ पासून सगळे रोझवुड आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले तेव्हा वाद्य-उद्योगाची तारांबळ उडाली. २०१९ मध्ये सूट मिळाली ती तयार वाद्यांना आणि त्यांच्या तयार भागांना. साग आणि तेंदू या नियंत्रणाच्या यादीतच नाहीत. ज्याच्याकडे लाकूड आहे, त्याच्या उगमाचा सरकारी शिक्का आहे आणि ते घडवणारे हातही आहेत, त्याचेच नाणे या बाजारात यापुढे चालणार. आगारातल्या प्रत्येक ओंडक्यावर क्रमांक आणि हातोड्याचा ठसा असतो, वाहतुकीला परवाना लागतो. हा आपल्याला कटकट वाटणारा कागदच परदेशी कारागिराला हवा असलेला माल आहे.

यावर पहिला आक्षेप जाणकार वादक घेतील. इलेक्ट्रिक गिटारचा आवाज लोहचुंबकाचा पिकअप तारेच्या कंपनातून उचलतो. मग लाकूड कोणते याने असा काय फरक पडतो? हा वाद जुना आहे आणि त्यात तथ्य आहे. भरीव गिटारमध्ये लाकडाचा वाटा जाहिरातीत सांगतात तितका नसावा. सेमी-हॉलोत तो थोडा अधिक, कारण तिचे पातळ पोट स्वतः थरथरते. पण माझा युक्तिवाद आवाजाच्या जादूवर उभा नाही. मान वाकत नाही, पट्टी झिजत नाही, वाद्य खांद्याला जड होत नाही, या गोष्टी मोजता येतात. लाकडातल्या अडचणीही लपवू नयेत. सागात तेल असते, त्यामुळे सांधा चिकटवण्याआधी पृष्ठभाग द्रावकाने पुसून लगेच सरस लावावा लागतो, नाहीतर सांधा काही महिन्यांत सुटतो. त्यातल्या सिलिकामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५च्या पुढे जातो तेव्हा उघड्यावरच्या ओंडक्याची टोके तडकतात. टोकांना मेण किंवा रंग फासून लाकूड सावलीत सावकाश वाळवावे लागते. या सगळ्याला उपाय आहेत, आणि ते उपाय जाणणे यालाच कारागिरी म्हणतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर: लाकडाला भाव आला की कुऱ्हाड चालेल. सिरोंचा भागातून नदीपलीकडे होणारी सागाची तस्करी कुणाला नवी नाही. म्हणून अटी कडक हव्यात. वाद्याचे लाकूड फक्त वनखात्याच्या कार्य आयोजनेनुसार तोडलेल्या आणि आगारात नोंदलेल्या मालातूनच निवडावे. शिसव आणि बिजा यांना हात लावू नये. बिजा तर आधीच विरळ झाला आहे. तेंदूचे उभे झाड तोडूच नये. पाने संकलनासाठी खुटकटाई होते ती झुडपांची. काळा गाभा असतो तो वयस्क झाडात, आणि तो वादळात पडलेल्या किंवा वाळलेल्या झाडांतूनच घ्यावा. गाभा पूर्ण काळाच हवा हा हट्ट जगानेही सोडायला सुरुवात केली आहे. अमेरिकेच्या टेलर गिटार्सने २०११ मध्ये कॅमेरूनमधली एबनीची गिरणी विकत घेण्यात भागीदारी केली, तेव्हा निव्वळ काळ्या लाकडासाठी असंख्य पट्टेरी झाडे तोडून जंगलातच टाकली जातात हे लक्षात आले. कंपनीने पट्टेरी एबनी वापरायला घेतली आणि गिऱ्हाइकांनी ती स्वीकारली. तपकिरी-काळ्या रेघांचा तेंदूही तसाच खपेल. शिवाय प्रमाणाचे भान ठेवू. खाणी, रस्ते आणि कालव्यांसाठी परवानगीने जी झाडे पडतात त्यांच्यापुढे वाद्यांची गरज नगण्य आहे. त्या पडलेल्या झाडांतले उत्तम लाकूड तरी चौकटीत आणि जळणात जाऊ नये.

तिसरा प्रश्न उरतो: लाभ कुणाचा? वनहक्क कायद्याने ग्रामसभांना गौण वनोपजाची मालकी दिली; त्यात बांबू आणि तेंदूपाने आली, इमारती लाकूड नाही. तरीही बांबूचा इतिहास इथे वाट दाखवतो. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरांवर सामूहिक वनहक्क मिळाला. कागद हाती होता, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे आणि तो देण्याचा अधिकार वनखाते सोडत नव्हते. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले तेव्हा हक्क खरा झाला. लाकडाची मालकी आज बदलणार नसेल तर घडवण्याचे काम तरी गावाकडे यावे. आगारातले निवडक लाकूड लिलावाऐवजी ठरलेल्या दराने ग्रामसभांच्या किंवा त्यांच्या महासंघांच्या कार्यशाळांना द्यावे. पट्टी, मान, ठोकळा त्यांनी घडवावा आणि विक्रीही त्यांनीच करावी.

‘गिटार आपली नव्हे’ असे म्हणणाऱ्यांनी मिरजेकडे पाहावे. मिरजेच्या आसपास सतारीचे भोपळे पिकत नाहीत, ते सोलापूर जिल्ह्यातून येतात, लाकूडही बाहेरचेच. तरी मिरजेची सतार आणि तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ते पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांमुळे. आपली स्थिती नेमकी उलटी: लाकूड दाराशी, हात नाहीत. शिवाय नीट वाळवलेले, सरळ रेषांचे लाकूड फक्त गिटारला लागत नाही. सरोद, सतार आणि पेटी करणाऱ्यांनाही ते हवेच असते. गिटार ही परीक्षा एवढ्यासाठी की तिची मापे मिलिमीटरच्या अंशात तपासली जातात. त्या कसोटीला उतरलेली कार्यशाळा कुठल्याही वाद्याला लाकूड पुरवू शकेल.

यासाठी नवे महामंडळ नको. वनविकास महामंडळाचे आगार आहे, चिचपल्लीत बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, बंगळुरूला लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्था आहे. आगाराने लिलावाआधी वाद्यायोग्य ओंडके बाजूला काढावेत, बंगळुरूने शिवण, साग आणि तेंदूची घनता, आकुंचन, मजबुती तपासून आकडे प्रसिद्ध करावेत, चिचपल्लीत वाळवणीची भट्टी आणि मिरजेच्या कारागिरांना गुरू म्हणून बोलावणारा वर्ग सुरू व्हावा. फसले तर ते ओंडके पुढच्या लिलावात नेहमीच्या भावाने जातील. म्हणजे नुकसान थोडे आणि तेही भरून निघणारे. जमले तर आजवर जी मजुरी हैदराबादला गेली ती आलापल्लीत, धानोऱ्यात राहील. वनखात्याने पुढच्या हंगामात दहा ओंडके एवढ्यासाठी राखून ठेवावेत, इतकीच ही मागणी आहे.